ठाण्यात जुन्या फ्लॅटचं रिनोव्हेशन, ७ लाखात काय काय बसवावं?

पाचपाखाडी_तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. आमचा पाचपाखाडीत वन बीएचके आहे, ५४० चौरस फूट कार्पेट, बिल्डिंग १९९१ ची, तळ अधिक चार, आम्ही तिसऱ्यावर. लग्न होऊन आले तेव्हापासून फक्त रंग मारलाय, बाकी सगळं मूळचं. संडास बाथरूम वेगवेगळे, किचनला कडप्प्याचा ओटा, खाली मोझॅक. आता करायचंच असं ठरलंय कारण सासूबाईंचे गुडघे गेलेत, भारतीय संडासात त्यांना बसताच येत नाही, आणि बाथरूमच्या छताला वरच्यांच्याकडून ओल येते ती वेगळीच.

हाताशी ७ लाख आहेत, एफडीत. तीन कोटेशनं आली, एक ६ लाख ४०, एक ८ लाख ९०, आणि एका इंटिरियरवाल्यांचं साडेअकरा. तिघांना तेच घर दाखवलं, तेच काम सांगितलं, तरी इतका फरक कसा पडतो हेच कळत नाही. ६ चाळीसवाल्यांनी एका पानावर लिहून दिलंय, साडेअकरावाल्यांनी थ्रीडी चित्रं पाठवलीत आणि मुलगा त्यातल्या फॉल्स सीलिंगवर अडून बसलाय. मिस्टर म्हणतात मधलं घे आणि मोकळी हो.

मला विचारायचंय ते असं की ७ लाखात आधी काय करावं, कुठे हात आखडता घ्यावा, आणि हे कोटेशन वाचायचं कसं. ज्यांनी ठाणे नवी मुंबईत अलीकडे काम करून घेतलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

ऐरोली_सेक्टर_आठ

ताई, मधलं घे हा सल्ला अजिबात ऐकू नका. मधला आकडा म्हणजे रास्त आकडा असं काही नसतं, तिघांनी तीन वेगळी कामं धरलीत म्हणून आकडे वेगळे आलेत. आमच्याकडे दोन कोटेशनात दोन लाखांचा फरक होता, शेजारी शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचलं तर स्वस्तवाल्याने तोडकामाचा मलबा खाली नेणं, जुनी पाइपलाइन बदलणं आणि पुट्टी हे तिन्ही धरलंच नव्हतं, म्हणजे ते नंतर एक्स्ट्रा म्हणून आलंच असतं.

आम्ही एक केलं त्याचा फार उपयोग झाला. स्वतःच एका वहीत खोलीवार कामांची यादी केली, बाथरूममध्ये काय काय तोडायचं काय काय बसवायचं, पॉइंट किती, कपाट किती बाय किती, आणि तीच यादी झेरॉक्स काढून सगळ्यांना दिली की ह्याच्यासमोर रेट भरा. मग तुलना करता येते. आणि ज्याला रेट भरायचा कंटाळा आला तो आपोआप गळला, ते बरंच झालं.

आणि पावसाळ्यात काम काढू नका. जून ते सप्टेंबर भिंत सुकतच नाही, वरून पुट्टी मारली की पुढे पापुद्रे सुटतात. दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच रंग हवा असतो म्हणून पेंटर मिळत नाही, आणि होळी, छठला कारागीर गावी जातात ते वेळेवर परततातच असं नाही. दिवाळीनंतर थोडं थांबून सुरू केलं तर होळीच्या आत आटपतं. काम लांबलं तर तुम्ही राहणार कुठे हाही खर्चच आहे, भाड्याने घेतलंत तर तेही ७ लाखातूनच जाणार.

साईटवरचा_सिव्हिलवाला

थोडं मोठं लिहितो, कारण रोज हेच बघतो. घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंत साईट केल्यात आणि जुन्या बिल्डिंगांमध्ये एकच गोष्ट सारखी दिसते की पैसे डोळ्यांना दिसतं त्यावर जातात आणि टाइल्सच्या मागे जे आहे ते तसंच राहतं. तुमची बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढची आहे ताई, तुमच्याकडे क्रम उलटा हवा. आधी पाणी, मग वीज, मग ओटा, मग रंग. लाकूडकाम सगळ्यात शेवटी, उरले तर.

बाथरूम संडास हे तुमचं मुख्य काम आणि तिथे एक रुपयाही वाचवू नका. त्या काळातल्या इमारतीत आतून बहुतेक जीआय (जस्ताचा लेप दिलेले लोखंडी) पाइप असतात, गंजून आतला व्यास बारीक झालेला असतो, वर नवीन नळ कितीही भारी लावा धार बारीकच येणार. तोडलंयच तर सगळी लाइन सीपीव्हीसीची (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लॅस्टिक पाइपची) करून घ्या. भिंत बंद करायच्या आधी लाइनला प्रेशर टेस्ट मारायला लावा, आणि पाइप उघडे आहेत तोवर बाजूला टेप धरून फोटो काढून ठेवा, पुढे आरसा नाहीतर हँडल लावायला ड्रिल मारताना तोच फोटो कामाला येतो.

मग वॉटरप्रूफिंग. जुनं भरण काढून साफ स्लॅबपर्यंत गेले पाहिजेत, कोपरे गोल करून, पाइप जिथे स्लॅबमधून खाली जातो तिथे आणि नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीच्या) भोवती नीट भरून, मग कोटिंग, तेही भिंतीवर निदान फूटभर वर चढवून आणि जिथे शॉवर आहे त्या बाजूला त्याहून वर. ते सुकलं की ट्रॅपला बोळा मारून पाणी भरून ठेवायचं. २४ तास तर ठेवाच, ४८ ठेवलं तर उत्तम, आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या घरी जाऊन त्यांचं छत स्वतः बघून या. काँट्रॅक्टर म्हणेल काही गरज नाही, आपलं काम पक्कं असतं. तरी करायला लावा आणि ही टेस्ट पास झाल्याशिवाय टाइलचा हप्ता देणार नाही असं आधीच लिहून घ्या. टाइल लागल्यावर गळती सापडली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं.

सासूबाईंसाठी म्हणून तीन गोष्टी. कमोड विकत घ्यायच्या आधी प्लंबरकडून एस ट्रॅप (खाली जमिनीत जाणारा) बसतो की पी ट्रॅप (मागे भिंतीत जाणारा) ते आणि भिंतीपासूनचं अंतर मोजून घ्या, दुकानात आवडला म्हणून आधी उचलू नका. बाथरूम संडासचा उंबरठा जितका खाली नेता येईल तितका न्या आणि टाइल मॅट फिनिशची घ्या. तिसरं म्हणजे दार बाहेर उघडणारं करा. आत माणूस पडला आणि दार आतच उघडत असेल तर ते दार ढकलताच येत नाही, मी हे डोळ्याने बघितलंय. हाताला धरायचे दांडे भिंतीत अँकर मारून पक्के हवेत, टॉवेल रॉडवर वजन पेलत नाही. ह्या सगळ्याला फार पैसे लागत नाहीत पण कोटेशनात कोणी स्वतःहून लिहित नाही.

आता कोटेशन. ‘बाथरूम रिनोव्हेशन, १ नग, सव्वा लाख’ अशी ओळ असेल तर ते कोटेशनच नाही. तोडकाम, मलबा, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल लावायची मजुरी, टाइलचा माल, नळ आणि सॅनिटरी, हे सुटं सुटं मागा. टाइलसमोर बेसिक रेट लिहिलेला असतो तो बघा, समजा ४५ रुपये चौरस फूट धरलाय आणि दुकानात तुम्हाला ८५ ची आवडली तर फुटामागे ४० रुपये तुमच्या खिशातून. बाथरूम, संडास आणि ओट्यावरची भिंत मिळून ३०० फुटांच्या आसपास जाईल, म्हणजे एका पसंतीत १२ हजार वाढले. असे पाच सहा निर्णय झाले की ६ चाळीसचे ७ होतात, कोणी फसवलेलं नसतानाही. म्हणून टाइल, नळ, लॅमिनेट आधी दुकानात जाऊन पसंत करा आणि मग कोटेशन फायनल करा.

टाइल घेताना अजून एक, दोन बाय दोनच्या बॉक्समध्ये चार असतात आणि दुकानदार तोंडी १६ फूट म्हणतो, पण टाइल ६०० मिलिमीटरची असते, चार मिळून साडेपंधरा फूटच भरतात. त्यावर तुकडे होतात त्यासाठी आठ दहा टक्के जास्त. सगळे बॉक्स एकाच बॅचचे बघून घ्या, नंतर दोन बॉक्स आणायला गेलात की शेड जुळत नाही.

रंगाचं माप कसं तपासायचं तर भिंती आणि छत मिळून कार्पेटच्या साधारण साडेतीन पट येतं, तुमचं १९०० फुटांच्या आसपास. कोणी २६०० लावले असतील तर टेप घेऊन समोर मोजायला सांगा.

वायरिंग पूर्ण बदला. लाइटला दीड स्क्वेअर एमएम, १६ अँपियरच्या पॉइंटला अडीच, एसी आणि गिझरला चार, आणि त्यांना स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच). ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवाच, गिझरमध्ये करंट उतरला तर तोच माणसाला वाचवतो, अर्थात अर्थिंग नीट असायला हवं, जुन्या बिल्डिंगमध्ये तेही तपासून घ्या. पुढेमागे एसी घ्यायचा असेल तर महावितरणचं बिल काढून मंजूर भार किती आहे तो बघा, कमी असेल तर अर्ज करून वाढवून घ्या. वायर आणि स्विच स्वतः आणायची तयारी असेल तर मुंबईत लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एक चक्कर मारा, ठाण्याच्या दुकानातल्या रेटशी ताडून बघता येईल.

फ्लोरिंगला हात लावू नका. मोझॅक फुटलं किंवा खचलं नसेल तर मशीनने घासून पॉलिश करून घ्या, नव्यासारखं निघतं आणि टाइल बदलण्याच्या मानाने खर्च फार कमी. फक्त ते रंगाच्या शेवटच्या हाताच्या आधी करा, त्याचा चिखल भिंतीला उडतो. जुन्यावरच नवीन टाइल चिकटवा असं कोणी सुचवेल, त्याने स्लॅबवर वजन वाढतं आणि सगळी दारं खालून कापावी लागतात, तुमच्या वयाच्या बिल्डिंगला मी तो सल्ला देणार नाही.

माझा ढोबळ हिशोब, तुमचं घर न बघता. १ लाख पहिल्याच दिवशी बाजूला, त्याला कोणीही हात लावायचा नाही, जुनी भिंत फोडल्यावर आत काय निघेल ते कोणीच सांगू शकत नाही. बाथरूम संडास १ लाख ९०. वायरिंग ८५ हजार. ओटा, सिंक, खालच्या ट्रॉल्या १ लाख ३०. रंग आणि पॉलिश ६० हजार. मलबा, सोसायटीचे चार्जेस, टेम्पो आणि किरकोळ ३० हजार. झाले ५ लाख ९५. उरलेल्या लाखभरात एक चांगलं कपाट होईल. फॉल्स सीलिंग ह्यात नाही आणि जुन्या छताला ते नकोच. आत सळई गंजायला लागली की ती फुगते आणि प्लॅस्टर सुटायला लागतं, सीलिंगने ते झाकलं गेलं तर पोपडा डोक्यात पडेपर्यंत कळत नाही.

नौपाडा_सीए

पैशाच्या बाजूने चार गोष्टी जोडतो.

पूर्ण एफडी मोडू नका. घरात वयस्कर माणूस आहे, दवाखान्याचा खर्च सांगून येत नाही, आणि तो १ लाखाचा राखीव निधी कामासाठी आहे, आजारपणासाठी नाही, तो वेगळा हवा. थोडे कमी पडत असतील तर एफडीवरच ओव्हरड्राफ्ट मिळतो, पर्सनल लोनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. होम लोन चालू असेल तर टॉपअप विचारा, फ्लोटिंग रेटचं असेल तर मुदतीआधी फेडलं तरी दंड लागत नाही.

दुरुस्तीसाठी कर्ज काढलंत तर व्याजावर आयकरात वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट आहे, स्वतः राहता त्या घरासाठी ती फक्त जुन्या कररचनेत. नवीन रचनेत असाल तर करसवलत मिळते म्हणून कर्ज काढायला जाऊ नका.

बिल. काँट्रॅक्टर म्हणणार रोख द्या, बिल नको, १८ टक्के जीएसटी वाचेल. त्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीच करावी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर तो जीएसटी लावूच शकत नाही, आणि लावत असेल तर बिलावर जीएसटी नंबर हवाच. माझं म्हणणं पैसे बँकेतूनच द्या. उद्या घर विकलंत तर नवीन बाथरूम, नवीन वायरिंग अशा सुधारणांचा खर्च भांडवली नफ्यातून वजा मागता येतो, पण पुरावा असेल तरच. साधा रंग त्यात धरत नाहीत. आणि काम बिघडलं तर भांडायलाही तोच कागद लागतो.

कोटेशनांची तुलना करताना जीएसटी धरलाय की वर लागणार आहे ते आधी बघा. ८ लाख ९० वर १८ टक्के लागले तर साडेदहा होतात.

सोसायटीचा_सेक्रेटरी_कोपरी

सगळ्यांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो, आणि माझ्या मते हे सगळ्यात आधी बघायला हवं. तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे का? पाचपाखाडी, नौपाडा, चरई ह्या पट्ट्यात एकामागून एक बिल्डिंगी जातायत. कमिटीकडे जाऊन सरळ विचारा, मागच्या दोन तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचा, सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालची रिडेव्हलपमेंटची प्रक्रिया सुरू झालीय का, फिजिबिलिटी रिपोर्ट (परवडेल का त्याचा अहवाल) मागवलाय का, पीएमसी (प्रकल्प सल्लागार) नेमलाय का. २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, त्यामुळे चार जण विरोधात आहेत म्हणून होणार नाही असं धरून चालू नका. पीएमसी नेमला गेला असेल तर साडेअकराच काय, ७ पण घालू नका. सासूबाईंचं संडास बाथरूम आणि वायरिंग तेवढं करा, कपाट घ्यायचं तर उचलून नेता येईल असं घ्या, भिंतीत ठोकलेलं नको.

ऑडिट झालंय का तेही विचारा. सोसायटीच्या उपविधीप्रमाणे तीस वर्षांच्या वरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं. रिपोर्टमध्ये तुमच्या फ्लॅटमधला एखादा बीम किंवा कॉलम खराब दाखवला असेल तर आधी ते काम, मग तुमचं.

बाथरूमच्या छताची ओल ही वरच्यांच्या बाथरूममधून असेल तर उपविधीत तो खर्च वरच्या सभासदाचा धरलाय, बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून असेल तर सोसायटीचा. तुमचं काम सुरू व्हायच्या आधी लेखी अर्ज द्या, भांडण न करता. वरच्यांचं काम झाल्याशिवाय तुम्ही खाली कितीही भारी रंग लावलात तरी वर्षभरात पिवळा डाग परत येणार. जमलं तर दोन्ही घरांना एकच काँट्रॅक्टर लावा, मलब्याचा टेम्पो वगैरे वाटून जातो.

एनओसी घेतल्याशिवाय हातोडी लावू नका. प्रत्येक सोसायटीचे नियम वेगळे, डिपॉझिट, कामाच्या वेळा, लिफ्ट वापरायची की नाही, कामगारांची ओळखपत्रं. बाथरूमची जागा हलवायला परवानगी मागू नका, खाली कोणाचं तरी किचन असतं. मलबा गोणीत भरून कुठे जाणार हे काँट्रॅक्टरकडून लिहून घ्या. रात्री खाडीकडेला कांदळवनात नेऊन ओततात, तो गुन्हा आहे आणि आपल्या खाडीचं वाटोळं होतं ते वेगळंच. मला ह्या एका गोष्टीचा फार राग येतो. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला विचारलंत तर कुठे टाकायचा, किती पैसे भरायचे ते सांगतात.

पाचपाखाडी_तिसरा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सेक्रेटरी काकांनी सांगितल्यावर कालच कमिटीत विचारून आले. रिडेव्हलपमेंटचा विषय सभेत एकदा निघालाय पण पीएमसी वगैरे काही नाही, ऑडिट झालंय आणि आमच्या फ्लॅटमध्ये काही दाखवलेलं नाही. वरचे काका पण चांगले आहेत, त्यांनी स्वतःच म्हटलं की दोघं मिळून करू. साडेअकरावाल्यांना नको म्हणून कळवलं. मुलाला सीलिंगचं समजावलं, सळईचा मुद्दा त्याला पटला, त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर चांगला लाइट देणार आहे. बाकी दोघांना आता यादी करून देते.

दोन शंका राहिल्यात. पैसे कसे कसे द्यायचे? दोघंही निम्मे आधी मागतायत. आणि ट्रॉलीच्या प्लायमध्ये एक जण बीडब्ल्यूआर म्हणतो एक मरीन म्हणतो, काय घ्यावं?

साईटवरचा_सिव्हिलवाला

निम्मे आधी देऊ नका. सुरुवातीला दहा टक्के, फार तर पंधरा, तोडकाम आणि मलबा गेल्यावर एक हप्ता, प्लंबिंग आणि पाण्याची टेस्ट झाल्यावर एक, टाइल आणि वायरिंग झाल्यावर एक, रंगाला एक, आणि शेवटचे दहा टक्के सगळं वापरून बघेपर्यंत हातात ठेवायचे. माल आणायला पैसे नाहीत म्हणाला तर टाइल आणि नळाचे दुकानात तुम्ही थेट भरा, बिल तुमच्या नावावर. मधे काही वाढीव काम निघालं तर आधी व्हॉट्सअपवर रेट लिहून मागा, तुम्ही ओके लिहिलंत तरच करायचं, तोंडी काही नाही.

प्लायमध्ये सिंकच्या खाली आणि ओट्याच्या खालच्या भागाला आयएस ७१० चा मार्क बघून घ्या, ते मरीन. बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारं, आयएस ३०३ मध्ये येतं, ते वरच्या कपाटांना चालेल, तिथे मरीनचे पैसे घालायची गरज नाही. शीट साईटवर आल्यावर कापायच्या आधी शिक्का आणि जाडी स्वतः बघा, १८ मिलिमीटर सांगून १६ चं येतं. आणि ओट्याच्या ग्रॅनाइटच्या रेटमध्ये सिंक आणि शेगडीचं कटिंग, कडेचं मोल्डिंग धरलंय का ते विचारून घ्या, ते बहुतेक जण फुटावर वेगळं लावतात.

पाचपाखाडी_तिसरा_मजला

कटिंग मोल्डिंग दोघांच्याही कोटेशनात नाहीये, आत्ताच बघितलं. यादीत टाकते. दोघांचे नवीन रेट आले की इथेच टाकीन, तेव्हा परत एकदा नजर टाका प्लीज.